गरजेपलीकडचा टाका : घरगुती गोधडीकाम आणि मशीनवरील भरतकाम यांचा इतिहास

भारताच्या आर्थिक इतिहासात कापडाला केवढी जागा आहे हे तुम्ही जाणताच. मच्छलीपट्टण आणि सुरतेहून परदेशी गेलेली सुती वस्त्रे, लँकेशायरच्या गिरण्या, १९०५ ची स्वदेशी चळवळ, मुंबईचे गिरणगाव, चरखा. या कथेत कापड विणले जाते, विकले जाते आणि तिथेच ते अभ्यासक्रमातून नाहीसे होते. विकत घेतलेल्या लुगड्याचे आठ-दहा वर्षांनी काय झाले, हे सहसा कोणी विचारत नाही. ते विरले, फाटले, आणि मग घरातल्या कोणीतरी त्याच्या घड्या एकावर एक घालून सुईत दोरा ओवला. या पाठात आपण कापडाच्या त्या दुसऱ्या जन्माकडे पाहणार आहोत. पुढे शिलाई मशीन घरात आल्यावर याच कामाचे आणि भरतकामाचे काय झाले, तेही पाहू.

आपल्यापुढचा प्रश्न मात्र थोडा अवघड आहे. लोक काय खात होते, किती कर भरत होते, कोणाविरुद्ध बंड करत होते याची कागदपत्रे मिळतात. एखाद्या कामात त्यांना आनंद वाटत होता का, याचा पुरावा कुठे शोधायचा? ज्या बायकांनी गोधड्या शिवल्या त्यांतल्या बहुतेकींना अक्षरओळख नव्हती. त्यांनी रोजनिशा लिहिल्या नाहीत. त्यांच्या हातचे जे शिल्लक आहे ते कापडावरच आहे. तेव्हा कापडच वाचायला शिकले पाहिजे.

त्यासाठी एक साधी कसोटी घेऊन चालू. गोधडी टिकायला जेवढे टाके लागतात त्यापेक्षा जास्त टाके जिथे दिसतील, तिथे थांबायचे आणि विचारायचे की हे कशासाठी?

एक रीत, अनेक नावे

मराठीत गोधडी किंवा वाकळ, हिंदीत गुदडी, बंगालीत कांथा, बिहारात सुजनी, कन्नडमध्ये कौदी, तर सिंध, कच्छ आणि राजस्थानच्या पट्ट्यात रल्ली. नावे वेगळी, पण मूळ रीत सारखीच. जुन्या मऊ कापडाचे थर एकावर एक पसरायचे आणि धावदोरा घालून ते एकमेकांना बांधायचे. धावदोरा हा सगळ्यांत सोपा टाका. सुई खाली, सुई वर, पुन्हा खाली. लहान मुलीही तो सहज शिकत.

या कामामागची पहिली प्रेरणा काटकसरीची होती, यात शंका नाही. नवे पांघरूण विकत घेणे परवडत नसे. संस्कृतात ‘कंथा’ म्हणजे ठिगळांची वाकळ, विरक्त माणसाचे वस्त्र. विदर्भातल्या गाडगेबाबांना लोक ‘गोधडे महाराज’ म्हणत ते त्यांच्या अंगावरच्या चिंध्यांमुळे. म्हणजे गोधडी ही आपल्या भाषेत दारिद्र्याची आणि वैराग्याची खूण आहे. एवढ्यावर थांबलो तर गोधडीचा इतिहास हा टंचाईचा इतिहास ठरेल, आणि तो अपुरा राहील.

बंगालच्या कांथ्याकडे पाहा. कांथ्याचे उपयोग अनेक. पांघरायला लेप, अंथरायला सुजनी, आरसा-फणी गुंडाळायला आरशीलता, तशीच ग्रंथ किंवा मौल्यवान वस्तू बांधायला वेगळी वस्त्रे. शिवायला रंगीत दोरा हवा, तर जुन्या साडीच्या काठातूनच तो एकेक करून ओढून काढत. इथवर काटकसर. पण मग मधोमध उमललेले कमळ येते, चार कोपऱ्यांत झाडे किंवा कोयऱ्या येतात, मधल्या जागेत हत्ती, होड्या, पालख्या, घोडेस्वार, कधी आगगाडीसुद्धा येते. उरलेली पांढरी जागा बारीक धावदोऱ्याने अशी भरून काढतात की कापडावर पाण्याच्या लाटांसारखी सुरकुती उठते. थर एकत्र राहायला यातले काहीही लागत नाही. बोटभर अंतरावर टाके घातले तरी पांघरूण वर्षानुवर्षे टिकते.

कोलकात्याजवळच्या जोका इथे गुरुसदय संग्रहालय आहे. गुरुसदय दत्त (१८८२–१९४१) हे सनदी अधिकारी. नोकरीनिमित्त बंगालचे जिल्हे पालथे घालताना त्यांनी खेड्यांतून कांथे गोळा केले. त्या संग्रहात मानदासुंदरी दासी हिने एकोणिसाव्या शतकात केलेली एक सुजनी आहे. तिच्यावर साहेबी पोशाखातले शिपाई आहेत. हे काम आपण वडिलांसाठी केले असे तिने त्या कापडावरच टाक्यांनी लिहून ठेवले आहे. ज्या काळात बंगालमधल्या बहुसंख्य स्त्रियांचे नाव कोणत्याही कागदावर येत नव्हते, त्या काळात एकीने स्वतःचे नाव सुईने लिहिले. हा माझ्या मते एका कलावस्तूइतकाच एक दस्तऐवजही आहे. १९३९ मध्ये कलेतिहासकार स्टेला क्रामरिश यांनी कांथ्यावर निबंध लिहिला आणि विद्वानांचे लक्ष या कामाकडे वळले. तोवर घरोघरी ते विरून, जळून, पोतेऱ्याला लागून संपत होते.

इथे एक सावधगिरी हवी. घरातली गोधडी म्हणजे बाजारापासून दूर असलेली निर्मळ कला, असे समजू नका. सोळाव्या-सतराव्या शतकांत पोर्तुगीज व्यापारी बंगालमधून भरतकाम केलेल्या रजया युरोपात नेत होते. पांढऱ्या सुती कापडावर पिवळसर टसर रेशमाचे ते काम आजही तिकडच्या संग्रहालयांत पाहायला मिळते. म्हणजे टाके घालण्याचे हेच कसब त्या काळीही पैशाला विकले जात होते. एकच टाका घरी एका कारणाने आणि व्यापाऱ्यासाठी दुसऱ्याच कारणाने घातला जात असे.

हा फरक पंजाबच्या फुलकारीत फार स्पष्ट दिसतो. फुलकारी खादीच्या जाड कापडावर, उलट बाजूने धागे मोजत, बिनपिळाच्या रेशमाने भरतात. मुलगी जन्मली की घरातली आजी किंवा आई तिच्या लग्नासाठी ‘बाग’ भरायला घेई. बाग म्हणजे कापडाचा कणही मोकळा न सोडता भरलेली फुलकारी. एका बागेला महिने, कधी वर्षे लागत. १८४९ नंतर पंजाब इंग्रजांच्या ताब्यात गेला आणि शतकाअखेर विलायतेत पडदे व गाद्यांच्या खोळी म्हणून फुलकारीला मागणी आली. पंजाबात राहिलेल्या फ्लोरा अ‍ॅनी स्टील यांनी १८८८ मध्ये या कामावर लेख लिहिला, आणि घरासाठी केलेली फुलकारी व बाजारासाठी केलेली फुलकारी यांत त्यांनी भेद केला. बाजारासाठी टाके लांब झाले, नक्षी विरळ झाली. अर्थात एका इंग्रज बाईंची ही नजर आहे आणि ती तशी वाचली पाहिजे. तरीही आपल्या कसोटीवर ती खरी उतरते. मोबदला नगावर ठरला की जादा टाका पहिल्यांदा गळतो.

आता पश्चिम घाटात या. कर्नाटकातल्या उत्तर कन्नड जिल्ह्यात यल्लापूर, हल्याळ, मुंडगोड या भागांत सिद्दी समाज राहतो. आफ्रिकेतून गुलाम म्हणून पोर्तुगीजांच्या गोव्यात आणलेल्या आणि तिथून निसटून घाटावरच्या जंगलात आलेल्या लोकांचे हे वंशज. कोकणी आणि मराठी शब्दांची सरमिसळ त्यांच्या बोलीत ऐकू येते. त्यांच्या बायका ‘कवंदी’ शिवतात. मोठे कापड खाली पसरून एका कोपऱ्यापासून सुरुवात होते. कडेकडेने रंगीत तुकडे जोडत, त्यांच्यातून धावदोरा घालत, चारही बाजू फिरून काम आत आत सरकते आणि मधोमध संपते. शेवटी चारही कोपऱ्यांवर दुमडलेल्या कापडाची छोटी त्रिकोणी ‘फुले’ बसवतात. या फुलांनी ऊब रेसभरही वाढत नाही. तरी ती नसतील तर कवंदी उघडी, अपुरी समजतात. आपण शोधत होतो तो जादा टाका हाच. ‘हे पुरे झाले’ असे ठरवण्याचा हक्क इथे गरजेकडे राहिलेला नाही, तो शिवणारीकडे आला आहे.

मशीन घरात येते

एलियस हाऊ याने अमेरिकेत शिलाई यंत्राचे पेटंट १८४६ मध्ये घेतले आणि आयझॅक सिंगर याने आपल्या सुधारलेल्या यंत्राचे १८५१ मध्ये. १८५६ पासून सिंगर कंपनी हप्त्याने यंत्रे विकू लागली, आणि जगभर पसरण्याचे तिचे खरे गुपित हेच होते. भारतात कंपनीचा व्यापार १८७० च्या दशकात सुरू झाला. पुढे एन. एम. पटेल या पारशी गृहस्थांनी मुंबईतून तो अनेक वर्षे सांभाळला.

पण इथे सुरुवातीला यंत्र घरात फारसे गेले नाही, ते शिंप्याकडे गेले. कारण उघड आहे. साडी, लुगडे, धोतर, लुंगी यांना शिवण लागत नाही. जे थोडे शिवायचे ते शिंपी शिवी. त्याने हातमशीन जमिनीवर मांडून, मांडी घालून चालवायला घेतले. घरात मशीनची गरज वाढली ती पोलके, परकर, झबली, शाळेचे गणवेश ही शिवलेली वस्त्रे रोजची झाल्यावर. त्याच काळात स्त्रियांच्या शिक्षणसंस्थांनी शिवणवर्ग सुरू केले. रमाबाई रानडे यांनी १९०९ मध्ये पुण्यात उभ्या केलेल्या सेवासदनात शिवणकामाला मान होता. विधवा किंवा टाकून दिलेल्या बाईला चार पैसे मिळवण्याचा तो एक प्रतिष्ठित मार्ग होता.

गांधीजींचे मत इथे हमखास सांगितले जाते. १९२४ मध्ये रामचंद्रन या शांतिनिकेतनच्या विद्यार्थ्याशी बोलताना यंत्रविरोधातून त्यांनी सिंगरच्या शिलाई मशीनला वगळले. त्यांनी दिलेले कारण असे की, पत्नीला हाताने शिवताना होणारे कष्ट सिंगरला पाहवले नाहीत आणि तिच्यावरच्या प्रेमापोटी त्याने यंत्र काढले. प्रसंग गोड आहे. मात्र इतिहासाचे विद्यार्थी म्हणून तुम्ही तो तपासायला हवा. सिंगर हा नट होता आणि कारागीरही. १८५० मध्ये बोस्टनच्या एका कारखान्यात दुसऱ्याचे बिघडणारे यंत्र पाहून त्याने ते सुधारले, आणि त्याची नजर कमाईवर होती. त्याचे संसारही एकापेक्षा अधिक होते. तेव्हा गांधीजींच्या वाक्याचा पुरावा म्हणून उपयोग सिंगरचे चरित्र लिहिताना होत नाही. गांधीजी यंत्राला कोणत्या अटीवर मान्यता देत होते हे समजून घेण्यासाठी तो होतो. त्यांची अट अशी की यंत्राने माणसाचे हात रिकामे टाकू नयेत, त्याचे कष्ट हलके करावेत.

१९३० च्या दशकाच्या मध्यास कलकत्त्याच्या जय इंजिनिअरिंग वर्क्सने ‘उषा’ मशीन बाजारात आणले. स्वातंत्र्यानंतर लुधियानाही या धंद्याचे मोठे केंद्र झाले. मशीन आवाक्यात आले, लग्नात मुलीला दिले जाऊ लागले, आणि दुपारच्या वेळी घरोघरी पायमशीनचा आवाज ऐकू येऊ लागला.

आता गंमत पाहा. मशीन आले म्हणजे गोधडी मशीनवर गेली असेल, असे वाटते. तसे सर्रास झाले नाही. चार-पाच जुन्या लुगड्यांचे थर घरगुती मशीनच्या पायाखाली नीट जात नाहीत. थर सरकतात, चुण्या पडतात, सुई मोडते. शिवाय मशीनची शिवण दोन दोऱ्यांची असते. वरचा दोरा आणि खालच्या बॉबीनचा दोरा एकमेकांत अडकून कापड घट्ट आवळतात. हाताचा धावदोरा थोडा सैल राहतो, थरांना श्वास घेऊ देतो. म्हणून हाताची गोधडी मऊ पडते आणि मशीनची ताठ. बायकांनी हे कोणत्याही पुस्तकावाचून ओळखले आणि गोधडी हातातच ठेवली. मशीनवर गेले ते भरतकाम.

मशीनवरचे भरतकाम

कारखान्यातली भरतकामाची यंत्रे याआधीच निघाली होती. मुलहाऊसच्या जोसुए हाइलमान याने १८२८ मध्ये एक यंत्र केले आणि स्वित्झर्लंडच्या इसाक ग्रोबली याने १८६० च्या दशकात शिफ्ली यंत्र. साखळी टाका घालणारे कॉर्नेली यंत्र भारतात ‘आरी मशीन’ म्हणून कारागिरांच्या हाती आले. आपला विषय घरातले साधे मशीन आहे, म्हणून यांना बाजूला ठेवू.

साध्या मशीनवर भरतकाम कसे होते, हे ज्यांनी पाहिले नसेल त्यांच्यासाठी सांगतो. एरवी सुईखालचे दात कापड पुढे ओढतात आणि पाय ते दाबून धरतो. त्यामुळे शिवण सरळ जाते. भरतकाम करताना हे दात खाली घेतात किंवा झाकतात, आणि पाय काढून टाकतात. कापड लाकडी रिंगमध्ये ताणून बसवतात. आता मशीन फक्त सुई खालीवर करते. कापड कुठे, किती न्यायचे हे सर्वस्वी दोन हातांवर. हात भरभर फिरला तर टाका लांब, रेंगाळला तर दोरा एका जागी साचतो. पायाचा वेग आणि हाताची चाल जुळायला काही आठवडे जातात. जुळली की पाकळी भरताना चित्र काढल्यासारखे वाटते.

म्हणजे मशीनने वेग दिला, पण दिशा हाताकडेच ठेवली. घरगुती मशीनच्या इतिहासातली ही सगळ्यांत रोचक बाब आहे असे मला वाटते. ज्या यंत्राने सक्तीची शिवण सोपी केली, त्याच यंत्राचे दोन भाग निकामी करून लोकांनी त्यातून बिनगरजेचे काम काढले.

आणि ते काम कशाकशावर झाले! उशांचे अभ्रे, टेबलक्लॉथ, रुमाल. महाराष्ट्रात लग्नाच्या रुखवतात मांडायला तोरणे आणि चौकोन. रेडिओ आला तेव्हा रेडिओचे कव्हर, दूरदर्शनच्या काळात टीव्हीचे कव्हर, फ्रिजच्या मुठीला सुद्धा फुलांचे कव्हर. नंतरच्या पिढीने याची टिंगल केली. ती टिंगल सोडून पाहिले तर दिसते ते असे : बाजारातून आलेली, सगळ्या घरांत एकसारखी असलेली वस्तू टाके घालून ‘आपली’ करून घेतली जात होती. स्त्रियांच्या मासिकांतून नमुने छापून येत. ते कार्बनने कापडावर उतरवून घ्यायचे. पण शेजारच्या दोन घरांत एकाच नमुन्याचे गुलाब क्वचितच एका रंगाचे असत.

१९९० मध्ये जानोमे या जपानी कंपनीने घरी वापरायचे संगणकीय भरतकाम मशीन आणले. त्यात नक्षी साठवलेली असते आणि रिंग आपोआप फिरते. आज आपल्याकडेही हौशी लोक अशी मशीने घेतात. इथे हाताची चाल संपली. आनंद नक्षी रचण्यात, दोऱ्यांचे रंग निवडण्यात सरकला. तो कमी दर्जाचा आहे असे म्हणायला मी तयार नाही. पण तो वेगळ्या जातीचा आहे, आणि पुढच्या इतिहासकाराला टाक्याच्या लांबीवरून करणारणीची मनःस्थिती ओळखता येणार नाही.

‘छंद’ या शब्दाची किंमत

इतका वेळ आपण आनंदाचा पुरावा गोळा करत होतो. आता त्याची दुसरी बाजू. ‘त्यांना आवडते म्हणून त्या करतात’ हे वाक्य कोणाच्या सोयीचे आहे?

आंध्र प्रदेशातल्या नरसापूर भागात एकोणिसाव्या शतकात मिशनऱ्यांनी क्रोशाच्या लेसचे काम शिकवले. पुढे ती लेस परदेशी जाऊ लागली आणि हजारो बायका घरी बसून ती विणू लागल्या. जर्मन समाजशास्त्रज्ञ मारिया मीस यांनी या बायकांचा अभ्यास केला आणि १९८२ मध्ये त्यावर पुस्तक प्रसिद्ध केले. त्यांना दिसले की व्यापारी, नवरे, सरकारी नोंदी, सगळेच या कामाला गृहिणीचा फावल्या वेळचा उद्योग समजत. दिवसाचे सहा-आठ तास विणूनही ती ‘कामगार’ ठरत नव्हती. म्हणून मजुरी अत्यल्प, आणि निर्यातीचा नफा दुसरीकडे. तिचे काम ‘हौस’ आहे असे एकदा म्हटले की तिला पूर्ण मोल देण्याची गरज उरत नाही.

म्हणून गोधडीवरच्या लेखनात ‘माया’, ‘ऊब’, ‘आजीचा स्पर्श’ असे शब्द फार दिसले की मी सावध होतो. त्या शब्दांत खोटे काही नाही. पण त्याच शब्दांनी दुकानातल्या गोधडीची किंमत वाढते आणि शिवणारीची मजुरी तिथेच राहते.

बिहारमधल्या मुजफ्फरपूर जिल्ह्यातल्या भुसुरा गावात सुजनीला १९८८ पासून सामूहिक उद्योगाचे रूप मिळाले, आणि २००६ मध्ये तिला भौगोलिक मानांकनही मिळाले. तिथल्या बायकांनी मोर-मासोळ्यांबरोबर हुंडा, दारू, मुलींचे शिक्षण असे विषय सुजनीवर आणले. मागणीनुसार, ठरलेल्या मापात आणि मोबदल्यावर हे काम होते. फ्लोरा स्टील यांच्या तर्काने इथे जादा टाका संपायला हवा होता. सुजनीत मात्र उलटेच दिसते. हातात पैसा आल्यावर बायका घराबाहेर पडल्या, एकत्र बसल्या, आणि काय भरायचे याबद्दल बोलू लागल्या. बाजार आनंद मारतोच असा नियम काढता येत नाही. नक्षी कोण ठरवते आणि टाक्याचा दर कोण ठरवते, हे प्रत्येक ठिकाणी वेगळे तपासावे लागते.

आता एक काम तुमच्यासाठी. घरातली, शेजारची किंवा वसतिगृहात सोबत आलेली एखादी हाताने शिवलेली गोधडी घ्या. ती कोणत्या कापडांची आहे ते थरांच्या कडांवरून ओळखा : नऊवारीचा काठ, गणवेशाचा खाकी तुकडा, छापील सुती, नायलॉन. नायलॉन किंवा टेरिकॉट दिसले तर काळाचा अंदाज लगेच बांधता येतो. टाक्यांच्या रांगांमधले अंतर मोजा. कडेपासून मधोमध जाताना ते कमी होते की वाढते ते पाहा, म्हणजे शिवणारी दमत गेली की रमत गेली याचा काही माग लागेल. दोरा कुठे बदलला, टाक्याची ढब कुठे बदलली, तिथे कदाचित दुसरा हात आला असेल. मग गोधडी उलटी करा. आणि शिवणारी हयात असेल तर तिला विचारा की हा कोपरा असा का केला. ती ‘उगाच’ असे म्हणाली, तर तो शब्दही वहीत टिपून ठेवा.